दोन देशांतील अँग्लिकन धर्मप्रांतांची भागीदारी: पहिल्या पत्रापासून समारोपापर्यंत

परदेशातील एखाद्या धर्मप्रांताशी, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालील मंडळ्यांच्या समूहाशी, भागीदारी जुळली की कॅथेड्रलमध्ये विशेष उपासना होते, दोन्ही बिशप करारावर सह्या करतात, वेदीसमोर छायाचित्र निघते आणि ते सभागृहाच्या भिंतीवर लागते. त्यानंतरच्या काही वर्षांत अशा भागीदाऱ्या थंडावतात त्या सहसा भांडणामुळे नव्हे. पत्रव्यवहार सांभाळणारा पाळक बदलून जातो, नवीन बिशपांना जुन्या शब्दांची माहिती नसते, आणि अखेर एका बाजूने पैसे पाठवायचे व दुसऱ्या बाजूने पावती द्यायची, एवढेच नाते उरते. हे टाळायचे असेल तर कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात धर्मप्रांताच्या समित्यांवर काम करणाऱ्यांसाठी मांडले आहे. स्थानिक मंडळ्यांमधील भागीदारीलाही यातील बराचसा भाग लागू पडतो.

आधी रचना समजून घ्यावी

अँग्लिकन कम्युनियन ही चर्च ऑफ इंग्लंडशी नाते सांगणाऱ्या, देशोदेशीच्या चाळीसहून अधिक स्वायत्त सदस्य मंडळ्यांची सहभागिता आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांना परंपरेने मान असला तरी दुसऱ्या देशातील मंडळीला आज्ञा देण्याचा अधिकार त्यांना नाही. १८६७ पासून भरणारी बिशपांची लॅम्बेथ परिषद ठराव करते, परंतु ते कोणत्याही सदस्य मंडळीवर कायद्याप्रमाणे बंधनकारक नसतात. त्यामुळे भागीदारी वरून नेमून दिली जात नाही. दोन धर्मप्रांतांनी ती स्वतः ठरवावी लागते आणि स्वतःच निभवावी लागते. शिवाय सगळ्या सदस्य मंडळ्या एकाच घडणीच्या नाहीत. १९४७ साली स्थापन झालेली चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० साली स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक परंपरांच्या एकीकरणातून आल्या आहेत. अशा मंडळीशी नाते जोडणाऱ्या इंग्लंडमधील धर्मप्रांताला तिथे मेथडिस्ट किंवा प्रेस्बिटेरियन वळणाची उपासना आढळली, तर त्यात नवल वाटू नये.

या नात्यामागचा विचार १९६३ साली टोरंटो येथे भरलेल्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये ठळकपणे पुढे आला. परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबन हे शब्द तिथे रूढ झाले. प्रत्येक मंडळी देणारी आहे तशीच घेणारीही आहे, असा त्यांचा आशय होता. तिथे मांडलेल्या दस्तऐवजात पाच वर्षांत दीड कोटी डॉलर जादा उभारण्याचे आवाहनही होते, आणि पुष्कळ ठिकाणी विचार मागे पडून प्रकल्पांच्या याद्याच लक्षात राहिल्या. १९७३ साली डब्लिन येथील अँग्लिकन सल्लागार परिषदेने ‘मिशनमधील भागीदार’ ही मंडळी व तिच्या भागीदारांनी एकत्र बसून विचार करण्याची पद्धत पुढे आणली, त्यामागे हा अनुभवही होता. पुढे भागीदारीची दहा तत्त्वे शब्दबद्ध झाली. स्थानिक पुढाकार, परस्परता, जबाबदार कारभार, पारदर्शकता आणि एकमेकांच्या दुःखात सोबत ही त्यांपैकी काही होत. समितीने पहिल्याच बैठकीत ही तत्त्वे एकत्र वाचावीत आणि प्रत्येक तत्त्वासमोर ‘आपल्याकडे याचा अर्थ काय’ याची एक ओळ लिहावी. तासाभराचे हे काम पुढचे बरेच गैरसमज वाचवते.

पहिले पत्र लिहिण्यापूर्वी

आपल्याला भागीदार का हवा, हा प्रश्न घरातच सोडवावा. ‘आपण त्यांना काय देऊ शकतो’ याची यादी सगळ्यांकडे तयार असते. ‘आपल्याला त्यांच्याकडून काय हवे आहे’ या रकान्यात मात्र समिती अडखळते. तो रकाना रिकामा असेल तर भागीदारीची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे. अल्पसंख्य म्हणून जगण्याचा अनुभव, प्रचारकांच्या बळावर विखुरलेल्या मंडळ्या चालवण्याची रीत, युवकांची उपासना, इतर धर्मांच्या शेजाऱ्यांशी रोजचे संबंध, दुष्काळ किंवा युद्ध सोसलेल्या लोकांची प्रार्थना, यांपैकी नेमके काय शिकायचे आहे ते लिहून काढावे. १९८४ साली मांडल्या गेलेल्या आणि नंतर सृष्टीच्या जतनाची भर पडून पाच झालेल्या ‘मिशनच्या खुणा’, म्हणजे मंडळीचे कार्य कशाने ओळखावे याची सूत्रे, या चर्चेसाठी चांगल्या चौकटीचे काम देतात.

त्यानंतर प्रस्ताव बिशपांच्या संमतीने धर्मप्रांताच्या सिनडपुढे (प्रतिनिधींच्या सभेपुढे) किंवा परिषदेपुढे न्यावा. केवळ बिशपांच्या मैत्रीवर उभे राहिलेले नाते त्यांच्या निवृत्तीबरोबर संपते. सिनडचा ठराव, एक लहान समिती आणि अंदाजपत्रकात छोटीशी का होईना पण नियमित तरतूद, या तीन गोष्टी झाल्याशिवाय बाहेर पत्र जाऊ नये. समितीत पाळकांपेक्षा सामान्य सभासद अधिक असावेत, कारण पाळकांच्या बदल्या होतात.

भागीदार शोधणे

लंडनमधील अँग्लिकन कम्युनियनचे कार्यालय, १७०१ साली स्थापन झालेली यूएसपीजी किंवा १७९९ साली स्थापन झालेली सीएमएस यांसारख्या मिशन संस्था, आणि जगभर पसरलेले मदर्स युनियन, यांच्याकडे चौकशी करता येते. कुठल्या धर्मप्रांताला नवीन नाते हवे आहे आणि कुणाकडे आधीच चार-पाच नाती आहेत, हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता असते. हा मुद्दा किरकोळ नाही. एखाद्या धर्मप्रांताच्या कार्यालयात दोनच माणसे असतील आणि त्यांना पाच परदेशी भागीदारांचे पाहुणे, अहवाल व ईमेल सांभाळावे लागत असतील, तर सहावा भागीदार मदत नसून बोजा असतो. म्हणून पहिल्या पत्रातच ‘आपले सध्याचे भागीदार कोण आहेत आणि आणखी एका नात्यासाठी आपल्याकडे सवड आहे का’ असे सरळ विचारावे, आणि नकार आला तर तो मनावर घेऊ नये.

पत्र बिशपांकडून बिशपांना जावे. एखाद्या परिषदेत भेटलेल्या पाळकाशी थेट करार करणे, किंवा ईमेलवर आलेल्या अनोळखी विनंतीवरून नाते जोडणे, हे दोन्ही टाळावे. बिशपांच्या नावाने बनावट ईमेल पाठवून पैसे मागण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे पत्त्याची खातरजमा त्या सदस्य मंडळीच्या मुख्य कार्यालयाकडून करून घ्यावी.

दोनच भागीदार असावेत असा नियम नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टर, टांझानियातील वेस्टर्न टांगानिका आणि अमेरिकेतील एल कमिनो रिअल या तीन धर्मप्रांतांनी त्रिकोणी नाते जोडले होते. तिघे असले की एक देणारा आणि एक घेणारा अशी जोडी आपोआप जमत नाही. समन्वयाचे काम मात्र दुपटीहून जास्त वाढते, हेही ध्यानात घ्यावे.

पहिली भेट: काहीही कबूल न करण्याची

पहिल्या भेटीला तीन किंवा चार जणांनी जावे. त्यांत एक स्त्री, एक तरुण आणि एक हिशेब समजणारी व्यक्ती असावी. या भेटीचा एकच कडक नियम असावा: कोणत्याही गोष्टीचे वचन द्यायचे नाही. शाळेचे गळके छप्पर दाखवले जाईल, विहिरीची गरज सांगितली जाईल आणि पाहुण्यांच्या तोंडून ‘बघतो आम्ही’ असे सहज निघून जाईल. पाहुणा ते वाक्य विसरतो. यजमान मंडळी ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. त्यामुळे निघण्यापूर्वीच गटातील सर्वांना एक ठरलेले उत्तर सांगून ठेवावे. ‘आम्ही ऐकायला आलो आहोत, निर्णय दोन्ही समित्या मिळून घेतील’ एवढे पुरते.

यजमानांवर पडणारा खर्च हा फारसा न बोलला जाणारा विषय आहे. वाहन, इंधन, पाहुणचार आणि कार्यालयाचा संपूर्ण आठवडा या भेटीत खर्ची पडतो, आणि आतिथ्याच्या रीतीमुळे यजमान त्याबद्दल बोलत नाहीत. पाहुण्यांनी निघण्यापूर्वी हा खर्च विचारून घ्यावा आणि धर्मप्रांताच्या खात्यावर आधीच पाठवावा. कुणाच्या हातात रोख पाकीट ठेवू नये.

उलट दिशेची पहिली भेट वर्षभराच्या आत व्हावी आणि तिचा खर्च सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा. इथे व्हिसा हा खरा अडथळा ठरतो. श्रीमंत देशांकडून अर्ज नाकारले जाणे सर्रास घडते आणि त्यात एखादा ज्येष्ठ पाळकही अपमानित होतो. निमंत्रणपत्र, खर्च कोण करणार याचे लेखी हमीपत्र, प्रवासाचा दिवसवार तपशील आणि अर्जदार परत का येणार याचे पुरावे अनेक महिने आधी तयार करावेत. परतावा न मिळणारे तिकीट व्हिसा मिळेपर्यंत काढू नये. पाहुणे आल्यावर त्यांना कॅथेड्रल आणि प्रेक्षणीय स्थळे दाखवून परत धाडणे ही मोठी चूक होय. त्यांनी उपदेश करावा, बायबल अभ्यास चालवावा, समितीच्या बैठकीत बसावे आणि शेवटच्या दिवशी ‘आमच्या मंडळीत आपल्याला काय खटकले’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे. हा प्रश्न विचारताना यजमानांना जो संकोच होतो, तोच संकोच आजवर दुसऱ्या बाजूने प्रत्येक वेळी सोसलेला असतो.

कराराचा मसुदा

करार दोन पानांचा असावा आणि दोन्ही बाजूंच्या भाषांत असावा. लंडन धर्मप्रांताने अंगोला व मोझांबिकमधील अँग्लिकनांशी १९९८ साली जोडलेल्या नात्याला ‘अल्मा’ हे नाव आहे. ते तिन्ही नावांच्या आणि ‘असोसिएशन’ या शब्दाच्या आद्याक्षरांतून बनले असले तरी पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ आत्मा असा होतो. पोर्तुगीज किंवा स्वाहिली बोलणाऱ्यांशी केवळ इंग्रजीत व्यवहार ठेवला, तर इंग्रजी येणारे चार-दोन लोकच भागीदारीचे मालक होऊन बसतात.

मसुद्यात काही गोष्टी नेमक्या शब्दांत असाव्यात. मुदत तीन ते पाच वर्षांची असावी आणि ती संपण्याच्या एक वर्ष आधी आढावा ठरलेला असावा. पत्रव्यवहारासाठी प्रत्येक बाजूने दोन व्यक्तींची पदे नमूद करावीत. नावांऐवजी पदे, म्हणजे माणूस बदलला तरी दुवा तुटत नाही. पैशाची विनंती कोणत्या मार्गाने यावी, मतभेद झाल्यास काय करावे आणि भागीदारी थांबवायची असल्यास किती महिन्यांची सूचना द्यावी, हेही लिहावे. आणखी एक कलम सहसा राहून जाते: धर्मप्रांताचे विभाजन झाले तर काय? बर्मिंगहॅमने १९६६ साली मलावीशी नाते जोडले आणि आज मलावीत चार धर्मप्रांत आहेत. सॉल्झबरीचे सुदानशी असलेले नातेही जुने आहे. मधल्या काळात तिथे युद्ध झाले, २०११ साली देश विभागला गेला आणि २०१७ साली सुदान ही वेगळी सदस्य मंडळी झाली. भागीदाराच्या वाढीमुळे किंवा दुःखामुळे नात्याचा नकाशा बदलू शकतो, हे कराराने आधीच गृहीत धरावे.

रोजचे नाते

मोठ्या भेटी दोन-तीन वर्षांतून एकदाच होतात. मधला काळ प्रार्थना आणि साध्या संवादाने भरावा लागतो. दर महिन्याला दोन्ही बाजूंनी प्रार्थनेचे तीन-तीन विषय पाठवावेत आणि ते नेमके असावेत. ‘आमच्या भागीदारांसाठी’ असे म्हटले की मंडळी डोळे मिटते आणि काहीच डोळ्यांसमोर येत नाही. ‘येत्या रविवारी पाळकपदाची दीक्षा घेणाऱ्या चार जणांसाठी’ म्हटले की प्रार्थनेला चेहरा येतो. अँग्लिकन प्रार्थनाचक्रात रोज जगातील काही धर्मप्रांतांची नावे येतात. भागीदाराचे नाव ज्या दिवशी येते तो दिवस दोन्ही बाजूंनी पाळावा.

व्हॉट्सअॅपमुळे संपर्क सोपा झाला आहे, पण त्यामुळेच एक नवीन अडचण उभी राहिली आहे. व्यक्तिगत ओळखी वाढतात आणि फीची किंवा औषधाची विनंती थेट एखाद्या सभासदाच्या फोनवर येते. ती विनंती खरी असेलही, पण ज्याला परदेशी ओळख नाही अशा शेजाऱ्याची गरज तिच्यापेक्षा मोठी असू शकते. अशी प्रत्येक विनंती सौम्य शब्दांत समितीकडे वळवावी.

पैसा

पैशाचा विषय पहिल्या वर्षी बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. वर्षभर पैशाविना टिकलेले नाते पुढे पैसा आला तरी टिकते. याच्या उलट क्रमाने सुरू झालेले नाते सावरणे कठीण जाते. त्यानंतरही मागणी स्थानिक बाजूनेच ठरवावी. कोणती गरज पहिली हे यजमान धर्मप्रांताच्या समितीने ठरवायचे आणि भागीदाराने ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘इतकेच’ असे उत्तर द्यायचे. देणाऱ्याने आपल्या आवडीचा प्रकल्प सुचवला की समोरच्याला नाही म्हणणे जड जाते, आणि मग जिथे परिचारिका नाही तिथे दवाखान्याची इमारत उभी राहते.

पाळकांचे वेतन बाहेरच्या पैशातून देऊ नये, कारण मदत थांबली की एका कुटुंबाचा घरखर्चच थांबतो. प्रशिक्षण, प्रवास, छपाई, बियाणे किंवा एकदाच लागणारी साधने यांसाठी पैसा द्यावा आणि प्रत्येक प्रकल्पात स्थानिक मंडळीचा श्रमाचा अथवा पैशाचा वाटा असावा. जुने कपडे व पुस्तके भरून कंटेनर पाठवण्याची हौस आवरावी. वाहतूक आणि सीमाशुल्क धरले तर त्याच रकमेत तिथल्याच बाजारातून अधिक उपयोगी वस्तू मिळण्याचा संभव असतो. युवकांचा गट भिंत बांधायला पाठवण्यापूर्वी तिथल्या गवंड्यांची मजुरी आपण घालवत नाही ना, हे विचारावे.

रक्कम नेहमी धर्मप्रांताच्या अधिकृत खात्यातून अधिकृत खात्यात जावी. रक्कम, चलन, उद्देश आणि अपेक्षित अहवालाची तारीख यांचे पत्र सोबत असावे, आणि मधल्या बँकांची कपात व विनिमय दरातील फरक कोणी सोसायचा हे आधी ठरलेले असावे. अहवालाचा नमुना एका पानाचा पुरे. पाठवलेले, मिळालेले, खर्च झालेले, शिल्लक आणि दोन सह्या, एवढे त्यात असावे. याला अविश्वास समजू नये. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलानेही मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती, कारण त्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये अशी त्याची इच्छा होती. देणाऱ्या बाजूनेही आपल्या समितीचा प्रवासखर्च याच अहवालात दाखवावा. हिशेब एकाच दिशेने मागितला जातो, तिथे भागीदारी हा शब्द खोटा पडतो.

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. इंग्लंडमधील धर्मादाय संस्थेचे विश्वस्त परदेशी पाठवलेल्या पैशाच्या वापराबद्दलही जबाबदार धरले जातात. भारतात परदेशी देणगी घेण्यासाठी २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे ‘तुम्ही तुमच्या खात्यात घ्या आणि त्यांना द्या’ ही सूचना चांगल्या हेतूने केली तरी भागीदाराला कायद्याच्या कचाट्यात टाकू शकते. पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाचा नियम घेणाऱ्यांकडूनच समजून घ्यावा.

पूर किंवा भूकंप आला तर बातम्या पाहून घाईने रक्कम पाठवू नये. प्रथम बिशपांच्या कार्यालयाला विचारावे. अशा वेळी अँग्लिकन अलायन्स संबंधित मंडळ्या आणि मदत संस्थांना एकत्र बोलावून समन्वय साधते. त्यात सामील झाल्यास एकाच गावाला तीनदा आणि शेजारच्या गावाला एकदाही नाही, असे होणे टळते.

माणसांची सुरक्षितता आणि पाळकांची ये-जा

लहान मुले आणि असुरक्षित प्रौढ यांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची पडताळणी दोन्ही दिशांनी करावी. अँग्लिकन सल्लागार परिषदेने २०१२ साली माणसांच्या सुरक्षिततेची सनद स्वीकारली आणि २०१६ साली एका मंडळीतून दुसरीकडे जाणाऱ्या सेवकांविषयीची माहिती परस्परांना कळवण्याची कार्यपद्धती मान्य केली. पाहुणा पाळक प्रभुभोजनविधी चालवणार असेल तर त्याच्या बिशपांचे अलीकडच्या तारखेचे पत्र आणि स्थानिक बिशपांची परवानगी, ही दोन्ही हवीत. परदेशात दीक्षा झालेल्या पाळकाला इंग्लंडमध्ये सेवा करण्यासाठी १९६७ च्या कायद्यानुसार आर्चबिशपांची परवानगी लागते, आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय काढू नयेत, आणि निधी गोळा करण्यासाठी दीनवाणा चेहरा शोधून तर मुळीच काढू नयेत.

मतभेद

२००३ साली अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये उघडपणे समलैंगिक असलेल्या जीन रॉबिन्सन यांचा बिशप म्हणून अभिषेक झाल्यानंतर समलैंगिकतेच्या प्रश्नावरून अनेक मंडळ्यांमधील संबंध ताणले गेले आणि काही तुटले. काही ठिकाणी पैसे नाकारण्यात आले. तो नकारही एका मंडळीचा विवेकपूर्वक घेतलेला निर्णय म्हणून मान्य करायला हवा, आणि ‘मदत बंद करू’ हे वाक्य कोणत्याही मतभेदात उच्चारले जाऊ नये. २००८ च्या लॅम्बेथ परिषदेने ‘इंडाबा’ हा झुलू भाषेतील शब्द आणि त्यामागची ऐकून घेण्याची रीत स्वीकारली. भागीदारांमध्येही तिचा उपयोग होतो. विषय लपवण्यापेक्षा तो कोणत्या बैठकीत, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणता ठराव न करता बोलला जाईल, हे ठरवून घ्यावे. एका बाजूची भूमिका दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रातून कळू नये, एवढे पथ्य तरी दोन्ही बिशपांनी पाळावे.

आढावा आणि समारोप

मुदत संपण्याच्या वर्षभर आधी दोन्ही समित्यांनी स्वतंत्रपणे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत आणि नंतरच ती एकमेकांना दाखवावीत. आपण काय शिकलो? काय बोलायचे राहून गेले? हे नाते आज नव्याने जोडायचे असते तर जोडले असते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका बाजूकडे लांब आणि दुसरीकडे दोन ओळींचे असेल, तर मुदत वाढवण्यापूर्वी तिथेच थांबून बोलावे.

नाते संपवायचे ठरले तर ते उघडपणे संपवावे. शेवटची भेट व्हावी, कॅथेड्रलमध्ये आभाराची उपासना व्हावी, चालू प्रकल्पांचे पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण द्यावेत आणि शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम संपेपर्यंतची तरतूद वेगळी ठेवावी. करार, पत्रव्यवहार, हिशेब आणि छायाचित्रे यांची एक-एक प्रत दोन्ही धर्मप्रांतांच्या अभिलेखागारात जमा करावी आणि त्यावर पुढे चौकशी कोणत्या पदाकडे करायची ते लिहून ठेवावे.